सबटायटल लावायचं की नाही? आप्पा, दाजी आणि रिमोट

आजचा विषय वरवर बघितला तर एकदम किरकोळ आहे. सिनेमा बघताना, सिरीज बघताना खाली सबटायटल चालू ठेवायचं की बंद? तुम्ही म्हणाल, ह्यावर कोणी अख्खा भाग करतं का? पण ह्या एका बटणावरून गेल्या दिवाळीत आमच्या घरात जे झालं, ते तुम्हाला सांगायचंच आहे.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे मी तटस्थ नाही हे तुम्हाला कळेल. मी शहादा तालुक्यातला. नंदुरबार जिल्हा. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दहावीपर्यंत मराठी माध्यम. मग पुण्यात बीटेक. हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यात खोलीत आम्ही चौघं, एक लॅपटॉप आणि एक इंग्रजी कॉमेडी सिरीज. सबटायटल बंद. बाकीचे तिघं हसायचे आणि मीही हसायचो, फक्त अर्ध्या सेकंदाने. म्हणजे ते हसले की मी हसायचो. ते हसणं किती दमवणारं असतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. चार भाग झाले आणि विषय काय चाललाय ते मला धड सांगता आलं नसतं.

मग रात्री सगळे झोपले की मी तेच भाग इंग्रजी सबटायटल लावून पुन्हा बघायचो. एका सेमिस्टरमध्ये माझं इंग्रजी जेवढं सुधारलं, तेवढं शाळेच्या दहा वर्षांत सुधारलं नव्हतं. शब्द मला वाचून माहीत होते, ते बोलताना कसे वाजतात हे माहीत नव्हतं. खाली लिहिलेलं आणि वर बोललेलं, दोन्ही एकत्र आलं तेव्हा जुळलं. त्यामुळे तेव्हापासून मी सबटायटलवाला. हिंदीलाही लावतो, मराठीला मिळालं तर मराठीलाही.

माझ्या एका रूममेटचं मत होतं, ‘भावा, हे सिनेमा बघणं नाही, सिनेमा वाचणं आहे.’ आणि खरं सांगतो, त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. डोळा अक्षरांकडे आपोआप जातो. तुम्ही ठरवलं तरी थांबत नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी लोकांच्या डोळ्यांची हालचाल मोजून १९९१ साली हेच दाखवलं होतं. आपली भाषा कानाने नीट समजत असली, तरी खाली तीच भाषा लिहून आली की डोळा तिकडे जातोच. मग त्या दीड-दोन सेकंदात नटाच्या भुवया उडाल्या, ओठाचा कोपरा हलला, ते गेलं. आणि विनोदाचं तर विचारूच नका. नट वाक्याच्या अर्ध्यात असतो आणि शेवट तुम्ही खाली वाचून मोकळे. कोणी गोळी झाडणार असेल तर ती सुटायच्या आधी तुम्हाला कळतं की झाडली.

पण दुसरीकडे हेही बघा की आजकाल डायलॉग खरंच ऐकू येत नाहीत. कान ठणठणीत असलेल्यांनाही. नोलनचा ‘टेनेट’ २०२० मध्ये आला तेव्हा इंग्रजी मातृभाषा असलेले लोकसुद्धा ओरडत होते की काय बोलतायत ते कळत नाही. त्यामागे कारण आहे. सिनेमाचा आवाज बहुतेक वेळा थिएटरच्या पाच-सात दिशांच्या स्पीकरसाठी बनवलेला असतो. तोच आवाज आपल्या टीव्हीवर दोन स्पीकरमध्ये कोंबला जातो. टीव्ही जसा पातळ झाला तसे स्पीकरही बारीक झाले आणि मागे किंवा खाली तोंड करून बसले. म्हणजे आवाज आपल्याकडे येतच नाही, भिंतीकडे जातो. संगीत दणदणीत आणि बोलणं पुटपुटल्यासारखं. ब्रिटनमध्ये ऑफकॉम म्हणून सरकारी नियामक आहे, त्यांच्या २००६ च्या पाहणीत निघालं होतं की पंचाहत्तर लाख लोक टीव्हीवर सबटायटल वापरतात आणि त्यातल्या साठ लाखांना ऐकण्याचा काहीही त्रास नाही. २००६ ची गोष्ट आहे ही, हातात रील यायच्या कितीतरी आधीची. आता तर आपण सगळे बसमध्ये फोन म्यूटवर ठेवून रील बघतो आणि खालची अक्षरं वाचतो. म्हणजे वाद करणारेसुद्धा दिवसभर सबटायटलच बघत असतात.

असो. हे सगळं मला पाठ होतं. चर्चेत कोणालाही हरवलं असतं. पण ज्याला सबटायटलची खरी गरज होती तो माणूस माझ्याच घरात बसला होता, ते मला दिसलं नाही.

आमचे आप्पा. म्हणजे माझे वडील. सातवी शिकलेले. सव्वीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. जिनिंग तुम्ही आतून बघितली नसेल तर सांगतो. सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं रांगेने लावलेली असतात आणि हंगामात ती रात्रंदिवस चालतात. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागतं. लहानपणी मी डबा द्यायला जायचो तेव्हा आप्पा हाताने खुणा करूनच बोलायचे. मला वाटायचं त्यांचा स्वभावच कमी बोलण्याचा आहे. आपल्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. पण ती मोजायला कोणी यंत्र घेऊन आलेलं आप्पांना तरी आठवत नाही.

दिवाळीला मी घरी आलो तर टीव्हीचा आवाज साठवर. माझी ताई, दाजी आणि भाची पण आलेली. सगळे बाहेरच्या खोलीत नवीन सिनेमा लावून बसले आणि आप्पा उठून ओट्यावर गेले. म्हटलं, आप्पा या ना. तर म्हणाले, नवीन सिनेमात काही दम नाही, जुनं ते सोनं. आणि खरंच, गेली दोन-तीन वर्षं आप्पा फक्त जुनेच सिनेमे बघत होते. ‘सोंगाड्या’. ‘शोले’. ‘अशी ही बनवाबनवी’ तर किती वेळा त्याला गणती नाही. आम्ही घरात ह्यावरून त्यांची चेष्टा करायचो.

त्या रात्री मी झोपायला गेलो आणि आडवं पडल्यावर एकदम डोक्यात आलं. हे सगळे सिनेमे त्यांना पाठ आहेत! त्यांना ऐकायची गरजच नाही. जे आधीच ऐकून ठेवलंय, तेवढंच ते बघतायत.

सकाळी मी सरळ विचारलं. आप्पा भडकले. ‘माले काय भैरा समजी ऱ्हायना का?’ म्हणजे, मला काय बहिरा समजतोस का. आई चुलीकडून ओरडली, बरं झालं कोणीतरी विचारलं. मग दुपारी, मी एकटाच असताना, आप्पा स्वतःहून म्हणाले, ‘आवाज येस, पन बोलनं समजत नही.’

आवाज येतो, पण बोलणं समजत नाही. मंडळी, हे वाक्य मी नंतर कानाच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पेशंट हेच वाक्य बोलतात, जवळपास ह्याच शब्दांत. त्याचं असं असतं. सतत मोठ्या आवाजात काम केलं की आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. बोलण्यात स्वर असतात आणि व्यंजनं असतात. आ, ई, ओ हे स्वर जाड आवाजाचे, खालच्या पट्टीचे, ते ऐकू येत राहतात. पण स, श, त, क, फ ह्यांचा आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतला, तो जातो. म्हणजे कोणीतरी बोलतंय, रागात बोलतंय की हसत, हे सगळं कळतं. पण ‘साप’ म्हणाला की ‘ताप’ म्हणाला हे कळत नाही. आवाज वाढवला तरी उपयोग नाही, कारण स्वरच अजून मोठे होतात. साठवर काय आणि शंभरवर काय. आणि आम्ही सगळे दोन वर्षं म्हणत होतो, आप्पा, आवाज कमी करा, डोकं दुखतं.

मग मी म्हटलं, हे तर माझ्या हातातलं काम आहे. सबटायटल लावू. नवीन मराठी सिनेमा काढला. २०२३ चा एक थरारपट, नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे बोलताना शेवट फुटायचा. रिमोट घेतला, सबटायटलचा मेनू उघडला. पर्याय दोन: इंग्रजी आणि बंद.

मराठी सिनेमा. मराठी नट. मराठी घर. आणि खाली वाचायला इंग्रजी. मी दुसरीकडे शोधलं, तिसरीकडे शोधलं. मला त्या दिवशी जे जे मराठी सिनेमे सापडले, त्यातल्या बहुतेकांना इंग्रजीच होतं. तुम्ही आत्ता फोनवर तुमच्या आवडीचा मराठी सिनेमा उघडून बघा. मी थांबतो. म्हणजे गृहीत असं धरलंय की मराठी सिनेमाचं सबटायटल हे मराठी न येणाऱ्यासाठी. मराठी येतं पण ऐकू येत नाही, असा माणूस कोणाच्या डोक्यातच नाही. दिल्लीचा, लंडनचा प्रेक्षक मिळाला पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शहाद्याचा आहे तो निसटला.

आता मी इंजिनियर माणूस, आणि दिवाळीची सुट्टी अजून शिल्लक. ठरवलं, आपणच बनवू. सबटायटलची फाईल म्हणजे काही रॉकेट नाही. साधी टेक्स्ट फाईल असते. एक आकडा, त्याखाली सुरू व्हायची वेळ आणि संपायची वेळ, त्याखाली एक-दोन ओळी मजकूर, मग एक रिकामी ओळ. नोटपॅडमध्ये उघडते. बोलणं ऐकून मजकूर करणारं व्हिस्पर नावाचं एक मॉडेल आहे, ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलं, त्याला मराठीही येते. सिनेमाचा आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड केला, त्याला दिला आणि फराळाला बसलो. चकली संपायच्या आत फाईल तयार.

आणि फाईल बघून चकली घशात अडकली. साधी शांत वाक्यं चांगली आली होती, हे कबूल. पण दोन जण एकदम बोलले की खिचडी. नुसतं संगीत वाजतंय तिथे त्याने स्वतःच्या मनाने वाक्यं घुसवलेली, एकच ओळ आठ-आठ वेळा. ह्या मॉडेलांना शांतता सहन होत नाही, काहीतरी बोलल्यासारखं वाटतं त्यांना. नावं चुकलेली. ‘नाही’ गायब झालेलं एक वाक्य होतं, म्हणजे नेमका उलटा अर्थ. तर मी बसलो दुरुस्त करत. साधारण चौदाशे ओळी. सुट्टी संपली, पुण्याला आलो, ऑफिसनंतर रोज दोन तास. नऊ संध्याकाळी गेल्या.

ह्या नऊ संध्याकाळींत मला कळलं की ह्या कामात भाषेचे निर्णय किती आहेत. नट ‘करतोय ना मी’ म्हणतो, ते ‘करतोय ना मी’ लिहायचं की ‘मी करतो आहे ना’? जसं बोलतो तसंच लिहिलं. शिवी दिली तर शिवी लिहायची का? लिहिली, आणि ती ओळ येईल तेव्हा आई कुठे असेल ह्याची काळजी करत बसलो. मग आवाज. दार वाजतं, फोन वाजतो, मागे कुकरची शिट्टी होते. इंग्रजीत ह्याला कॅप्शन म्हणतात, नुसतं बोलणं नाही तर ऐकू येणारं सगळं. मी चौकोनी कंसात टाकत गेलो: [दारावर थाप], [शेजारून भांडणाचा आवाज]. ह्याने सिनेमाकडे बघायची माझी नजर बदलली, कारण प्रत्येक वेळी ठरवावं लागायचं की हा आवाज महत्त्वाचा आहे का, की नुसता मागे आहे.

पुढच्या शनिवारी घरी. लॅपटॉप टीव्हीला जोडला. ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकलं, जे आपली फाईल चालू व्हिडिओवर दाखवतं. पहिल्याच मिनिटात गोंधळ. अक्षरं बारीक, खालच्या ओळीचे उकार कापलेले, आणि पांढऱ्या शर्टावर पांढरी अक्षरं. इंग्रजीच्या हिशोबाने केलेली जागा देवनागरीला पुरत नाही, आपल्याला वरही मात्रा लागते आणि खालीही उकार. आकार वाढवला, मागे काळी पट्टी टाकली. आप्पा पुढे सरकून बसले. ‘हाई काय शे?’ म्हणाले. आई म्हणाली, वाचा ना मग.

आणि ते वाचायला लागले. ओठ हलवत. सातवी शिकलेला माणूस, पेपर वाचतो, पण पेपर पळत नाही. इथे ओळ दोन सेकंदात पळायची. पहिली अर्धी ओळ वाचून व्हायची आणि पुढची यायची. दहा मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम. मी विचारलं, बंद करू? नाही म्हणाले.

रविवारी सकाळी मी ओळी छोट्या केल्या. ‘अगं बाई’, ‘म्हणजे कसंय ना’, ‘ऐक ना जरा’ असलं सगळं कापलं. मतलबाचं तेवढं ठेवलं. दुपारी पुन्हा लावलं आणि मला वाटलं आप्पा खूश होतील. तर पाच मिनिटांनी त्यांनी रिमोट मागितला, थांबवलं, आणि म्हणाले, ती बाई काहीतरी बोलली. तोंड हललं. खाली काही आलंच नाही. काय लपवलंस?

मी सुन्न झालो. दोन कारणांनी. एक म्हणजे त्यांना ते कापणं म्हणजे लबाडी वाटली. कर्णबधिर लोकांची जगभर हीच तक्रार असते, की आम्हाला सोपं करून देऊ नका, जे बोललं ते द्या, हे मी वाचलं होतं आणि तरी तेच केलं. आणि दुसरं म्हणजे आप्पा ओठ वाचतात. जिनिंगमध्ये शिकलेले, स्वतःलाही न कळता. म्हणून नट समोर तोंड करून बोलला की त्यांना थोडंफार समजायचं, पाठ फिरवली की संपलं. मी कापलेलं सगळं परत टाकलं आणि सिनेमाचाच वेग थोडा कमी केला. नव्वद टक्के. बाकीच्यांना पाच मिनिटांत सवय झाली.

बाकीच्यांना म्हणजे दाजी सोडून. आमचे दाजी सबटायटलच्या एकदम विरुद्ध. बिचारे दर रविवारी सासुरवाडीला येतात ते सिनेमा बघायला. म्हणाले, साहेब, अख्ख्या पडद्यावर काळी पट्टी, बघायचं काय? आणि मुख्य दुःख वेगळंच होतं. सिनेमात एक विनोद येतो, आणि आप्पा नटाच्या आधी हसतात. वाचून मोकळे होतात आणि हसतात. दाजींचा विनोद वाया. मला मात्र ते हसणं ऐकून हॉस्टेलची खोली आठवली आणि मी काही बोललो नाही.

दाजींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांचा खरंच रसभंग होतो. मग आम्ही एक केलं. विनोदाच्या ज्या ओळी आहेत त्यांचे दोन तुकडे केले, शेवटचा शब्द नटाच्या तोंडून निघेल तेव्हाच खाली येईल असे. खरं तर चांगल्या सबटायटलमध्ये हे आधीच असायला हवं. वाक्याचा बार कुठे उडतो हे ज्याला कळतं, त्यानेच ओळ तोडायला हवी. माझ्या मते ‘सबटायटलने मजा जाते’ ह्या तक्रारीतला बराच भाग हा वाईट सबटायटलचा आहे. सगळा नाही, पण बराच.

आता तिसरं पात्र. भाची. तिसरीत आहे. तिला सिनेमा कळत नव्हता आणि बघायलाही द्यायचा नव्हता, पण ती मध्येच येऊन आजोबांच्या मांडीवर बसली आणि जोरजोरात वाचायला लागली. जोडाक्षर आलं की अडखळायची, आप्पा मग पुढचं सांगायचे. दोघांचा वेग सारखाच! शेवटी ताईने तो सिनेमा बंद करायला लावला आणि मला हुकूम केला की हिच्यासाठी गाणी लाव, खाली अक्षरं येणारी.

आणि ह्याच्यावर तर आपल्या देशात फार मोठं काम झालंय, जे मला आधी माहीत नव्हतं. ब्रिज कोठारी म्हणून आहेत, अहमदाबादच्या आयआयएमशी जोडलेले. १९९६ मध्ये अमेरिकेत शिकत असताना मित्रांबरोबर एक स्पॅनिश सिनेमा बघताना त्यांच्या डोक्यात आलं की सबटायटल इंग्रजीऐवजी स्पॅनिशच असतं तर आपलं स्पॅनिश सुधारलं असतं. मग तेच हिंदी गाण्यांना का नको? जे गातायत तेच खाली लिहायचं, त्याच भाषेत. १९९९ मध्ये गुजरातच्या दूरदर्शनवर गुजराती गाण्यांना हे सुरू झालं, २००२ पासून ‘चित्रहार’ला. त्यांची प्लॅनेटरीड ही संस्था हेच काम करते. झी टॉकीजवर मराठी सिनेमांना मराठी सबटायटल देण्याचा प्रयोगही ह्याच लोकांनी काही वर्षांपूर्वी केला होता. म्हणजे हे होऊ शकतं, झालेलं आहे. कल्पना साधी आहे. गाणं लोकांना आधीच पाठ असतं, त्यामुळे डोळ्याला पुढचा शब्द कोणता येणार ते माहीत असतं, आणि धड वाचता न येणारा माणूसही अक्षर ओळखायला लागतो. वेगळा वेळ काढायचा नाही, वर्ग नाही, पाटी नाही.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता साधारण चौसष्ट टक्के होती, महाराष्ट्रात सगळ्यात खाली. हा आकडा आपल्या जिल्ह्याच्या तोंडावर नेहमी फेकला जातो. पण त्यात एक गोष्ट सुटते. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या पोरांची घरची भाषा पावरी किंवा भिली, नवापूरकडे मावची, आमच्याकडे अहिराणी. मराठी ही कितीतरी पोरांना शाळेत पहिल्यांदा नीट भेटते. वाचता येणं ही त्यांच्यासाठी दुहेरी उडी आहे, भाषाही नवी आणि अक्षरही नवं. अशा पोरासमोर टीव्हीवर मराठी गाणं चालू असेल आणि खाली मराठीच शब्द असेल, तर मी हॉस्टेलमध्ये रात्री जे करत होतो तेच ते करेल. मला त्यासाठी लॅपटॉप लागला होता. इथे नुसता चालू टीव्ही पुरतो.

मग अहिराणीचं काय? हा प्रश्न मला लोक विचारणारच, म्हणून करून बघितलं. आईचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि त्याच मॉडेलला दिलं. ‘कथा जाई ऱ्हायना’, म्हणजे कुठे चाललास. तर ते ‘कथा’ ही गोष्टवाली कथा समजलं आणि पुढे सगळी मराठी गोष्टच रचली. खानदेशी कॉमेडी यूट्यूबवर लाखो लोक बघतात, पण ती अहिराणीत जशीच्या तशी खाली लिहून आलेली मी तरी बघितली नाही. लिहायची म्हटलं तर प्रत्येक गावाचं स्पेलिंग वेगळं होईल. ‘ऱ्हायना’ की ‘ऱ्हायनाय’? होऊ दे की वेगळं. कोणीतरी लिहायला तर लागलं पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात ऑडिओ वर्णन, खाणाखुणांची भाषा आणि कॅप्शन ह्यांचा उल्लेख आहे. टीव्हीसाठी केंद्राची मानकं २०१९ मध्ये आली, थिएटरसाठी मार्गदर्शक सूचना मार्च २०२४ मध्ये. कागद आहेत. मागणारे कमी आहेत, कारण ज्यांना लागतं ते आप्पांसारखे ओट्यावर जाऊन बसतात आणि म्हणतात, नवीन सिनेमात दम नाही.

तर माझं उत्तर काय? तुम्ही एकटे असाल, कान चांगले असतील, भाषा तुमची असेल, तर बंद ठेवा आणि नटाचा चेहरा बघा. खरंच बघा. मी पण आता चांगला मराठी सिनेमा पहिल्यांदा बंद ठेवूनच बघतो, हे दाजींमुळे. पण घरात चार माणसं बसली असतील तर आधी चालू करा आणि मग विचारा कोणाला नको. उलटं विचारू नका. ‘कोणाला हवंय का’ असं विचारलं तर ज्याला हवंय तो कधीच हात वर करणार नाही. मी पण हॉस्टेलमध्ये केला नव्हता.

आणि हो, हा ब्लॉग. कोणीतरी मध्ये मेसेज केला होता की पॉडकास्टचं लेखी रूप का टाकता, वाचतं कोण. आपल्या एका नियमित श्रोत्याला अजिबात ऐकू येत नाही. श्रोता म्हणतो मी त्याला, त्यानेच तसं सांगितलंय. तो दर भाग वाचतो आणि माझ्या चुका काढतो.

आप्पांची कानाची तपासणी शेवटी नंदुरबारला झाली. कागदावर रेषा डावीकडून सरळ येते आणि मग सातपुड्याच्या कड्यासारखी एकदम खाली. मशीन घेतलंय. घालतात, पण टीव्हीपुढे काढून ठेवतात. म्हणतात, त्यात सगळं खरखरतं, त्यापेक्षा वाचतो. डॉक्टर म्हणतात सवय व्हायला काही महिने लागतील. आमची त्यावरून रोज फोनवर झकाझकी चालू आहे.

त्या सिनेमाच्या फाईलमध्ये अकरा ठिकाणी मी [अस्पष्ट] असं लिहून सोडलं होतं. दहा-दहा वेळा ऐकूनही मला कळलं नव्हतं. आप्पांनी त्यातल्या एका ठिकाणी सिनेमा थांबवला. मागे घे म्हणाले. पुन्हा घे म्हणाले. मग म्हणाले, ओठ दोनदा मिटतात. एक तर तो ‘पाप’ म्हणाला नाहीतर ‘बाप’. ओठावर दोन्ही सारखंच दिसतं. ते तू ऐक.

मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. ‘बाप’ होतं. फाईल दुरुस्त केली. आता दहा राहिलेत.

चला, पुढच्या भागात भेटू.